यादीतले शेवटचे नाव

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटले की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या माणसाला फेब्रुवारी 1981 मधला कसोटी सामना आठवतो. पायचीतच्या निर्णयाने संतापलेले गावसकर चेतन चौहानांना बरोबर घेऊन तंबूकडे निघाले होते, आणि पुढे त्याच सामन्यात कपिलदेवने दुखऱ्या पायाने गोलंदाजी करीत 28 धावांत 5 बळी घेतले होते. भारत 59 धावांनी जिंकला. ही गोष्ट आपल्याकडे आजोबा नातवाला सांगतात. परंतु त्याच मैदानावर हिवाळ्यात क्रिकेटची खेळपट्टी नसते, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे असतात आणि एका शनिवारी लाखभर माणसे लंबगोल चेंडूचा खेळ पाहायला जमतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तो खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. त्याच्या सर्वांत मोठ्या सामन्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी जी यादी जाहीर होते, तिच्याविषयी येथे लिहायचे आहे. खेळ कोण जिंकले हे कोणीही सांगेल. पण संघात कोण बसला, कोण उठला आणि का, यात या खेळाचे मर्म अधिक कळते असे मला वाटते.

आधी खेळाची थोडी तोंडओळख करून घेऊ. या खेळाचा जन्म क्रिकेटपटूंच्या सोयीसाठी झाला. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने 1858 साली एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचविले, की हिवाळ्यात हातपाय आखडू नयेत म्हणून खेळाडूंनी काहीतरी मैदानी खेळ खेळावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहून काढले गेले. क्रिकेटच्या मैदानांवर वाढल्यामुळे या खेळाचे मैदानही आयताकृती नसून लंबवर्तुळाकार असते, आणि फार मोठे असते. मेलबर्नचे सुमारे 160 मीटर लांब आहे. प्रत्येक बाजूचे 18 खेळाडू एका वेळी मैदानात असतात. चेंडू लाथेने मारावा किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा. फेकायचा मात्र नाही. घेऊन पळायचे तर 15 मीटरांच्या आत तो जमिनीला टेकवावा लागतो. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर 6 गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर 1. म्हणून गुणफलक 17.12 (114) असा लिहितात: सतरा गोल, बारा एकेरी गुण, एकूण 114. वीस-वीस मिनिटांचे चार डाव असतात. पण खेळ थांबतो तेवढा वेळ भरून दिला जात असल्याने प्रत्येक डाव अर्ध्या तासापर्यंत लांबतो. एवढ्या वेळात मधल्या फळीतला खेळाडू बारा-पंधरा किलोमीटर धावतो. ढकलाढकली, धडका, उंच उड्या हे सारे त्याव्यतिरिक्त!

व्हिक्टोरिया प्रांताची लीग 1897 साली सुरू झाली. तिचाच विस्तार होऊन 1990 पासून ती ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते. सप्टेंबरच्या अखेरीस होणारा तिचा अंतिम सामना म्हणजे त्या शहराचा सणच. आदल्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात सार्वजनिक सुटी असते.

आता यादीकडे वळू. वर्तमानपत्रांत संघ छापण्याची एक जुनी पद्धत आहे. बचावाच्या दोन ओळी, मधली एक, आक्रमणाच्या दोन, प्रत्येक ओळीत तीन नावे, म्हणजे पंधरा. उरलेले तिघे चेंडूच्या मागे मैदानभर फिरणारे. त्यांतला एक म्हणजे रकमन, संघातला ताडमाड माणूस. पंचाने चेंडू उंच उडवला की प्रतिपक्षाच्या तशाच ताडमाड माणसाशी झुंजून तो आपल्या गड्यांकडे वळवणे हे त्याचे काम. या अठरा नावांखाली अदलाबदलीच्या खेळाडूंची ओळ आणि अगदी तळाशी राखीव. आजचे खेळाडू त्या छापील जागांवर उभे राहतातच असे नाही, परंतु प्रशिक्षकाच्या मनातला सामना त्या ओळींतून वाचता येतो.

नवख्याला वाटते, निवड म्हणजे काय, तर सर्वांत चांगले अठरा आणि त्यांच्यामागचे पाच निवडले की झाले. क्रिकेटमध्येही आपण असेच वाद घालतो. परंतु निवड समितीपुढचा प्रश्न निराळा असतो. समजा हवामानखात्याने पावसाचा इशारा दिला. ओला चेंडू उंच उडी मारून पकडणे कठीण. म्हणजे पुढच्या फळीत तीन उंच खेळाडू ठेवण्यात अर्थ नाही, एक कमी करून जमिनीवरचा चेंडू टिपणारा चपळ बुटका घ्यावा. समजा प्रतिपक्षाकडे दोन बलाढ्य रकमन आहेत. आपण एकच खेळवला तर तो तिसऱ्या डावात दमणार, दोन खेळवले तर मधल्या फळीतला एक धावणारा कमी होणार. त्यांच्या अमक्या आक्रमकाला कोण रोखणार? त्यांच्या मधल्या फळीतल्या सूत्रधाराच्या अंगाला सावलीसारखे चिकटून त्याला चेंडूच मिळू न देणारा माणूस आपल्याकडे आहे का, आणि तो घेतला तर त्याच्या हातून दुसरे काही होईल का? अशा जोड्या लावत लावत यादी भरत जाते. पहिली सोळा-सतरा नावे आपोआप पडतात. शेवटच्या तीन-चार नावांसाठी समिती तासन् तास बसते. म्हणून माझे म्हणणे असे की यादीतले शेवटचे नाव गुणवत्तेच्या क्रमाने शेवटचे नसते; उरलेल्या भोकात नेमका बसणारा तो खुंटा असतो. त्याच्याहून चांगला खेळाडू बाहेर बसलेला असू शकतो, आणि पुष्कळदा बसलेला असतोच.

ही जागा किती मौल्यवान आहे हे कळण्यासाठी बाकाचा इतिहास पाहावा लागतो. फार पूर्वी बाकच नव्हते. 1930 साली एकोणिसावा माणूस आला, 1946 साली विसावा. पण ते केवळ बदली खेळाडू, एकदा बाहेर पडलेला परत येत नसे. 1978 पासून मुक्त अदलाबदल सुरू झाली, तीही दोघांचीच. 1994 मध्ये तीन झाले, 1998 मध्ये चार. मध्यंतरी अनेक प्रयोग झाले. 2023 ते 2025 या तीन हंगामांत चार अदलाबदलीचे आणि एक बदली असा तेवीस जणांचा संघ असे. 2026 पासून बदली खेळाडू गेला आणि अदलाबदलीचे पाच झाले. एका सामन्यात किती वेळा अदलाबदल करावी यालाही मर्यादा आहे. 2021 पासून ती 75. म्हणजे बाकावरचा माणूस हा आपल्याकडच्या बाराव्या खेळाडूसारखा पाणी नेण्यापुरता नसतो. तो सतत आत-बाहेर करणारा पूर्ण खेळाडू असतो, आणि त्यांतला एक जरी निकामी झाला तरी बाकीच्यांचे पाय लवकर जड होतात.

आणि एक नियम असा आहे की ज्यामुळे हे सगळे प्रकरण केवळ डावपेचांचे राहत नाही. विजेतेपदाचे पदक त्या एका दिवशी खेळलेल्यांनाच मिळते. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तुम्ही प्रत्येक सामना खेळला असाल, पण शेवटच्या शनिवारी यादीत नसाल, तर तुमच्या गळ्यात काही पडत नाही.

याचे सर्वांत कडवट उदाहरण 1993 सालचे. एसेंडन क्लबच्या डेरेक किकेट या कुशल खेळाडूने त्या हंगामातला प्रत्येक सामना खेळला होता. अंतिम सामन्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते. प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी त्याला वगळले. संघ तरुण होता, भरात होता; शनिवारी एसेंडनने कार्लटनला 44 गुणांनी हरविले, म्हणजे निकालाने तरी शीडींना दोष दिला नाही. त्या वर्षी संघात वीसच जण असत. पुढच्याच वर्षी बाकावर तिसरी जागा झाली, हे वाचताना मला चुटपुट लागते! किकेट एसेंडन सोडून सिडनीला गेला. 1996 मध्ये सिडनीकडून तो अंतिम सामन्यात उतरलाही, पण नॉर्थ मेलबर्नने त्यांना 43 गुणांनी हरविले. या लीगचे पदक त्याला मिळाले नाही ते नाहीच. शीडींचा निर्णय चूक होता का? सामना जिंकला म्हणून बरोबर, असे म्हणणे मला पटत नाही. 44 गुणांच्या विजयात किकेट असता तरी एसेंडनच जिंकले असते. पण प्रशिक्षकाला हे गुरुवारी ठाऊक नसते. त्याला सामना पाच गुणांचा होईल असे धरूनच यादी करावी लागते.

याच्या अगदी उलट गोष्ट 2019 ची. रिचमंड क्लबने 20 सप्टेंबरच्या उपांत्य सामन्यात जीलाँगला 19 गुणांनी हरविले; परंतु मधल्या फळीतल्या जॅक ग्रॅहमचा खांदा दुखावला. हा ग्रॅहम मोठा नशीबवान म्हणून ओळखला जाई: 2017 चा अंतिम सामना हा त्याच्या आयुष्यातला जेमतेम पाचवा सामना होता आणि त्यात त्याने तीन गोल केले होते. या वेळी मात्र खांद्याने दगा दिला. त्याच्या जागी कोण? 2017 च्या विजेत्या संघात विंगवर खेळलेला कॅमडिन मॅकिन्टॉश हाताशी होता. अनुभवी माणूस घेणे हा सुरक्षित मार्ग. टीका झाली तरी प्रशिक्षकाला म्हणता येते, हा पूर्वी जिंकून आलेला आहे.

रिचमंडचा दुय्यम संघही त्याच सुमारास व्हिक्टोरियाच्या प्रांतीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. 22 सप्टेंबर रोजी तो सामना झाला, रिचमंड 3 गुणांनी जिंकले आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक मार्लियन पिकेट याला मिळाले. पिकेट 27 वर्षांचा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूनगार या आदिवासी समाजातला. तारुण्यातली अडीच वर्षे त्याने तुरुंगात काढली होती. सुटल्यावर साऊथ फ्रीमँटल क्लबकडून खेळत त्याने स्वतःला सावरले. मुलाबाळांचा बाप झालेल्या या माणसाला रिचमंडने 2019 च्या हंगामाच्या मध्यावर निवडले, तेही त्याचे बोट मोडलेले असताना. मुख्य संघातून तो एकही सामना खेळलेला नव्हता. प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांनी अंतिम सामन्यासाठी त्याचे नाव लिहिले.

अंतिम सामन्यात पदार्पण! यापूर्वी असे घडले होते 1952 साली, कॉलिंगवूडच्या कीथ बॅचलरच्या बाबतीत. मधल्या 67 वर्षांत कोणत्याही प्रशिक्षकाला हा धीर झाला नव्हता. वरवर पाहता हा जुगार वाटतो. पण निवड समितीच्या खुर्चीत बसून पाहा. ग्रॅहमचे काम काय होते? मधल्या फळीत घुसणे, प्रतिपक्षाच्या माणसाला जमिनीवर आणणे, चेंडू सुटला की पुढे पळणे. हेच काम पिकेट दुय्यम संघात, त्याच पद्धतीने, आठवड्यामागून आठवडे करीत होता; आणि सर्वांत मोठ्या दिवशी त्याचे हात कापत नाहीत हे त्याने सहाच दिवसांपूर्वी दाखविले होते. रिक्त जागेच्या आकाराचा माणूस मिळाला होता. केवळ त्याचे नाव लोकांना ठाऊक नव्हते.

28 सप्टेंबर 2019. प्रेक्षक 1,00,014. प्रतिस्पर्धी ग्रेटर वेस्टर्न सिडनी, त्यांचा हा पहिलाच अंतिम सामना. त्यांच्याही यादीत बदल होते: बंदी संपवून टोबी ग्रीन परतला होता आणि आंत्रपुच्छाच्या दुखण्याने उपांत्य सामना हुकलेला लॅची व्हिटफील्डही आला होता. हे दोघे मोठे खेळाडू, त्यांना घेणे योग्यच. परंतु त्यांच्याविना चार गुणांनी जिंकून आलेल्या संघातून दोन जण त्यासाठी उठले, हे विसरू नये. सामना एकतर्फी झाला. पिकेटने अंगावर येणाऱ्या गड्याला गिरकी घेऊन चुकविले तेव्हा मैदान उसळले. पुढे त्याने गोल केला आणि सगळे रिचमंडवाले खेळाडू धावत जाऊन त्याच्या अंगावर पडले. रिचमंड 17.12 (114), प्रतिपक्ष 3.7 (25).

आता दुखापतीचा प्रश्न, कारण अंतिम आठवड्यातल्या बहुतेक चिंता त्याच असतात. काही बाबतींत प्रशिक्षकाच्या हाती काही उरत नाही. डोक्याला मार बसून भान हरपलेल्या खेळाडूला 2021 पासून किमान बारा दिवस खेळता येत नाही. दोन सामन्यांत आठवड्याचेच अंतर असल्याने उपांत्य सामन्यात असा मार बसला की संपलेच. हा नियम कठोर आहे आणि तो तसाच असावा. पण स्नायू, घोटा, पोटरी यांच्या बाबतीत निर्णय समितीला घ्यावा लागतो. गुरुवारी सरावात खेळाडू धावून दाखवतो, वळून दाखवतो, म्हणतो मी ठीक आहे. कोण म्हणेल मी ठीक नाही?

सिडनीचे प्रशिक्षक जॉन लाँगमायर यांनी 2022 मध्ये सॅम रीडला असेच खेळविले. उपांत्य सामन्यात त्याच्या मांडीच्या आतल्या स्नायूला इजा झाली होती. अंतिम सामन्यात तो पुरा टिकला नाही, त्याला बाहेर घ्यावे लागले; सिडनी 81 गुणांनी हरले. 2024 मध्ये सिडनी पुन्हा अंतिम सामन्यात आले. या वेळी कर्णधार कॅलम मिल्सला दुखापतीमुळे वगळले, पण घोटा दुखावलेल्या लोगन मॅकडोनाल्डला घेतले. तोही शेवटपर्यंत राहिला नाही आणि ब्रिस्बेनने 60 गुणांनी धूळ चारली. एका माणसामुळे कोणी 60 गुणांनी हरत नाही हे खरे. तरी दोनदा तोच खड्डा! यात एक बारीक गोष्ट आहे. हेच लाँगमायर खेळाडू असताना गुडघ्याच्या दुखापतीमुळे नॉर्थ मेलबर्नच्या 1996 च्या विजयी संघाबाहेर राहिले होते; पदक त्यांना 1999 साली, अखेरच्या सामन्यात मिळाले. बाहेर बसणे काय असते हे स्वतः जाणणाऱ्या माणसाला दुसऱ्याला ‘तू नाहीस’ असे सांगणे जड गेले असेल काय? हा माझा तर्क, पुरावा काही नाही.

इथे कुणी कपिलदेवचे नाव काढील. परंतु कपिल त्या सामन्याच्या आधीच संघात होता, आणि गोलंदाजाला दोन चेंडूंमध्ये, दोन षटकांमध्ये श्वास घेता येतो. या खेळात दुखरा पाय घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे प्रतिपक्ष मुद्दाम चेंडू नेतो.

ब्रिस्बेनवाल्यांनी हाच प्रश्न दोनदा वेगळ्या रीतीने सोडविला. 2024 मध्ये त्यांच्या मुख्य रकमनचा, ऑस्कर मॅकिनर्नीचा, उपांत्य सामन्यात खांदा निखळला. त्यांनी मोह धरला नाही. डार्सी फोर्ट हा पर्यायी रकमन उभा केला आणि जिंकले. 2025 मध्ये संयुक्त कर्णधार लॅची नीलची पोटरी दुखावली होती. प्रशिक्षक ख्रिस फेगन यांनी त्याला तेविसाव्या, म्हणजे बदली खेळाडूच्या जागेवर बसविले. पोटरीने अर्धा सामना पेलला तरी पुरे, आणि नाहीच पेलला तर बाकीचे बावीस शाबूत. मध्यंतरानंतर नील मैदानात होता, त्याने गोलही केला, आणि ब्रिस्बेनने जीलाँगला 47 गुणांनी हरविले. शेवटच्या जागेचा इतका नेमका उपयोग मी दुसरा वाचलेला नाही. ती जागाच आता नियमातून गेली, त्यामुळे पुढच्या कर्णधाराला ही सोय असणार नाही.

पदकाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. वेस्टर्न बुलडॉग्ज या मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या कामकरी वस्तीच्या क्लबने फूट्सक्रे या जुन्या नावाने 1954 साली विजेतेपद मिळविले होते, त्यानंतर 62 वर्षे नाही. 2016 मध्ये ते जिंकले, सिडनीविरुद्ध, 89 विरुद्ध 67. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटून बाहेर पडला होता. अंतिम सामन्यात त्याच्या जागी ईस्टन वूड कर्णधार होता. बक्षीस समारंभात विजेत्या प्रशिक्षकाचे पदक ल्यूक बेव्हरिज यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मर्फीला मंचावर बोलाविले आणि स्वतःच्या गळ्यातले पदक काढून त्याच्या गळ्यात घातले. मर्फी 312 सामने खेळून 2017 मध्ये निवृत्त झाला. अंतिम सामना एकही नाही.

आणि ग्रॅहम? 2020 साली महामारीमुळे अंतिम सामना मेलबर्नऐवजी ब्रिस्बेनला, ऑक्टोबरच्या 24 तारखेला रात्री झाला. रिचमंडने जीलाँगला 31 गुणांनी हरविले. त्या यादीत ग्रॅहम होता, पिकेट होता, आदल्या वर्षी बाहेर बसलेला मॅकिन्टॉशही होता. 2017 आणि 2019 अशी दोन पदके मिळविलेला जॉश कॅडी मात्र या वेळी नव्हता.